शेवटच्या गाडीची काठी

झेंडेवाल्याने लाल झेंडा आडवा धरून पांढरी गाडी थांबवली आणि रस्त्यावरचा आडवा खांब खाली टाकला. पांढरीच्या मागे दुसरी थांबली, दुसरीच्या मागे तिसरी, आणि बघता बघता रांग वळणापलीकडे गेली.

"काठी आली का?" पांढऱ्या गाडीतल्या माणसाने काच खाली करून विचारलं. तो दर सुट्टीला वर जाणारा होता, खिंडीचा कायदा त्याला पाठ होता.

"येईल."

"मघाशीही येईलच म्हणाला होतात."

"मघाशी आली नव्हती म्हणून म्हणालो."

माणूस हसला आणि त्याने इंजिन बंद केलं. मागच्यांनी नाही केलं. धूर खाली बसायला लागला.

खिंडीचा कायदा साधा होता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मधून एका वेळी एकच गाडी जाईल एवढा रस्ता, आणि वळणं अशी की समोरचं माणूस नाकाला नाक लागेपर्यंत दिसू नये. म्हणून खालच्या तोंडाशी एक चौकी, वरच्या तोंडाशी एक, आणि दोघांत मिळून एकच काठी. मनगटाएवढी जाड, दोन्ही टोकांना लाल रंग दिलेली. काठी ज्याच्याकडे, त्याने गाड्या सोडायच्या. खांब उचलला तेव्हा जेवढी रांग उभी असेल तेवढी जाऊ द्यायची, आणि शेवटच्या गाडीवाल्याच्या हातात काठी द्यायची. ती पलीकडे पोचली म्हणजे रस्ता मोकळा झाला. मग पलीकडचा आपली रांग सोडणार. खिंडीत फोन लागत नव्हता. मध्ये खात्याने बोलायची यंत्रं दिली होती, ती पहिल्याच पावसाळ्यात खरखर करून गप्प झाली. काठी बिघडत नाही.

वरच्या चौकीवर झेंडेवाल्याची मुलगी होती. तिच्याआधी मुलीची आई होती.

नवराबायको एकाच नोकरीत आणि दिवसभर एकमेकांच्या नजरेआड, असा तो संसार होता. राहायला दोघं खाली. सकाळी पहिल्या गाडीने ती वर जायची, संध्याकाळी शेवटच्या गाडीने उतरायची. मधल्या वेळात जे काही बोलायचं ते काठीबरोबर. डबा काठीबरोबर यायचा, विसरलेला चष्मा काठीबरोबर जायचा. निरोपसुद्धा. सहलीला निघालेली चांगली शिकली-सवरलेली माणसं काच खाली करून सांगायची, "तुमच्या मंडळींनी सांगितलंय, भाजीत मीठ जास्त झालंय, गपचूप खा." एकदा एका गृहस्थाने काठी देताना घसा खाकरला होता आणि मान खाली घालून म्हणाला होता, "त्यांनी सांगितलंय की त्या तुमच्याशी बोलणार नाहीत." झेंडेवाल्याने वर जाणाऱ्या गाडीबरोबर विचारलं होतं, का म्हणून. संध्याकाळपर्यंत सात-आठ अनोळखी गाडीवाल्यांनी मिळून ते भांडण मिटवलं होतं.

आता काठी नुसती यायची. मुलगी कामात चोख होती, पण काठीबरोबर काही पाठवायची तिला सवय नव्हती, आणि त्याने कधी सांगितलं नाही.

वरच्या गाड्या उतरायला लागल्या. एकेक जण खिंडीतून सुटल्यासारखा बाहेर पडत होता. झेंडेवाला दर गाडीच्या खिडकीत बघत होता. शेवटी राखाडी गाडी आली, आणि खिडकीतून काठी आधी बाहेर आली, मग हात, मग जावई.

"घ्या, बाबा. आज शेवटचा नंबर माझा."

जावयांनी गाडी कडेला लावली. झेंडेवाल्याने खांब उचलला, पांढऱ्या गाडीला हात केला आणि रांग सोडली. सगळी रांग जाईपर्यंत जावई त्याच्या शेजारी उभे राहिले. शेवटच्या गाडीला काठी देऊन झाली, मग ते बोलले. कामाच्या मध्ये बोलायचं नाही एवढं त्यांना कळत होतं.

"सोमवारची, रस्त्याबद्दलची गावसभा लक्षात आहे ना?"

"आहे."

"अध्यक्षबाई म्हणत होत्या, मतं निम्मीनिम्मी आहेत. निम्मे म्हणतात, कडा फोडा आणि रस्ता रुंद करा. निम्मे म्हणतात, बाहेरच्यांच्या गाड्या खाली मैदानात ठेवून घ्या आणि वर बस सोडा. बस म्हणे! सामानसुमान, पोरंबाळं घेऊन आलेला माणूस बसच्या दांड्याला लोंबकळत येणार आहे का माझ्याकडे?"

वर जावयांचं पाहुणेघर होतं. खोल्या स्वच्छ, गच्चीवरून दरी दिसायची. पण सुट्टीच्या दिवशी पाहुणे खालच्या पुलापर्यंत यायचे, रांग बघायचे, आणि जिथे फोन लागतो तिथूनच खोली नको म्हणून कळवून मागे फिरायचे.

"तुम्ही दोन शब्द बोललात तर लोक ऐकतील," जावई म्हणाले. "तुमच्याइतकं या रस्त्यावर कोणाचं गेलंय?"

झेंडेवाल्याने झेंड्याचं कापड दांड्याभोवती गुंडाळलं, पुन्हा सोडलं.

"मी काय बोलणार?"

"जे झालं तेच. रस्ता रुंद असता तर आईंना वेळेवर खाली नेता आलं असतं. खोटं आहे का यात काही?"

"नाही. खोटं नाही."

"मग तेवढंच."

"बोलेन," झेंडेवाला म्हणाला.

जावयांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला. माणूस वाईट नव्हता. सासूच्या दिवसांत सगळं त्यांनीच पाहिलं होतं.

घरी दोन खोल्या होत्या. आतल्या खोलीत शिवणयंत्र होतं आणि त्याच्या सुईखाली झेंडेवाल्याची खाकी पॅन्ट. एक बाजू उसवून सैल केलेली, दुसरी तशीच राहिलेली. बायको शेवटच्या दिवशी सकाळी निघता निघता म्हणाली होती, "दुसरी बाजू रात्री करते. आणखी किती सैल करू? कापड संपलं आता." तेव्हाच खालच्या पट्ट्यातला, पुलापासून शहरापर्यंतचा रस्ता दुप्पट रुंद होऊन वर्ष झालं होतं, आणि त्या वर्षात रांग वळणापासून थेट पुलापर्यंत पोचली होती. "तुझ्या पॅन्टसारखंच आहे सगळं," ती दाताने दोरा तोडत म्हणाली होती. रागावली किंवा लाडात आली की ती 'अहो' सोडायची. "सैल केली की पोट सुटतंच."

त्या दिवशी दुपारी वरची रांग उतरायला लागली आणि संपेचना. लांब सुट्टीचा शेवटचा दिवस होता, सगळ्यांना एकदम घरी जायचं होतं. झेंडेवाला खाली उभा राहून बघत होता आणि प्रत्येक गाडीला वाटत होतं, ही शेवटची. सगळ्यात शेवटी एक जुनी निळी गाडी आली. तिच्या मागच्या सीटवर बायको बसली होती. काठी तिच्या दोन गुडघ्यांमध्ये उभी होती आणि तिने ती दोन्ही हातांनी धरली होती.

"ही घ्या," ती म्हणाली. "मला जरा बरं वाटत नाहीये."

त्याने खांब खालीच ठेवला आणि काठी घेऊन तिच्या शेजारी बसला. ती दवाखान्यापर्यंत पोचली नाही. दवाखान्यातल्या बाईने त्याला तिचं नाव विचारलं तेव्हा काठी त्याच्या हातातच होती, आणि खिंडीच्या दोन्ही तोंडांना गाड्या भोंगे वाजवत उभ्या होत्या.

जाममध्ये गेली, असं सगळे म्हणायचे. लोकांना वाटायचं, निळी गाडी कुठेतरी अडकून पडली होती. तोही मान हलवायचा. पण निळी गाडी कुठेच अडकली नव्हती. तिच्या मालकाने नंतर सांगितलं होतं, वरच्या रांगेत तो अगदी मागे होता, आणि तेव्हापासून त्या बाई स्टुलावर बसूनच झेंडा हलवत होत्या. एक हात छातीशी होता. तो जवळ आला तेव्हा त्यांनी मागे कोणी नाही ना ते वळून पाहिलं, मग काठी उचलली आणि विचारलं, "मी येऊ का तुमच्याबरोबर?"

पहिल्या गाडीत बसली असती तर? हे त्याने स्वतःला विचारून पाहिलं होतं. पण काठी शेवटच्या गाडीबरोबर जाते. ती उठून गेली असती तर काठी द्यायला मागे कोण होतं? कोणाही गाडीवाल्याला सांगता आलं असतं, बाबा रे, एवढं बघ. ते तिच्या डोक्यातही आलं नसणार. त्याच्याही आलं नसतं. म्हणून हे त्याने कोणाला सांगितलं नाही. ऐकणाऱ्याला वाटलं असतं, बाई वेडी होती.

रविवारी बसची चाचणी होती. अध्यक्षबाईंनी एवढंच ठरवलं होतं की मतं द्यायच्या आधी लोकांनी एक दिवस डोळ्यांनी बघावं. पुलापलीकडच्या मैदानात दोऱ्या बांधल्या होत्या आणि बाहेरच्या गाड्या तिथे लावून घेत होते. माणसं कुरकुरत उतरत होती. कोणाचं पोर रडत होतं, कोणाची टोपी गाडीत राहिली होती.

बस जुनीच होती, पुढचा दिवा फुटलेला. चालवणाऱ्याला सगळे भोंगा म्हणायचे, कारण रस्ता रिकामा असला तरी तो हॉर्न वाजवायचा. सकाळी तो खाली उभ्या बसच्या दारात लटकून म्हणाला, "काका, आज तुम्हाला सुट्टी. ही काठी मला दिली की झालं."

"मागून कोणी असेल तर?"

"मागे कोण असणार? मैदानात सगळे उतरवलेत."

झेंडेवाल्याने तरी वळणापर्यंत जाऊन पाहिलं. रस्ता रिकामा होता. सुट्टीच्या सकाळी तो रस्ता त्याने असा कधी पाहिला नव्हता. मध्ये एक कुत्रं झोपलं होतं.

त्याने काठी दिली. बस हॉर्न वाजवत वर गेली. त्याने खांब टाकला आणि सवयीने लाल झेंडा धरून उभा राहिला. समोर कोणी नव्हतं. थोड्या वेळाने त्याने झेंडा खाली केला, मग गुंडाळला.

बस परत आली ती त्याच्या अंदाजापेक्षा कितीतरी आधी. भोंग्याने खिडकीतून काठी पुढे केली. झेंडेवाल्याने ती घेतली नाही. तो बसच्या मागे बघत होता.

"काय बघताय?"

"बाकीच्या गाड्या."

"बाकीच्या कुठून आणू?" भोंगा म्हणाला. "मीच पहिला, मीच शेवटचा. घ्या की काठी, हात दुखला."

झेंडेवाल्याने काठी घेतली. बसमधून माणसं उतरली, मैदानाकडे चालायला लागली. नवी माणसं चढली. एका बाईने खुर्चीएवढी बॅग वर ओढली आणि ती दारात अडकली, मग दोघांनी मिळून ती आत ढकलली. झेंडेवाला काठी हातात घेऊन उभा होता. लाल टोकाचा रंग अंगठ्याखाली निघत होता.

"द्या आता," भोंगा म्हणाला.

"मीच येतो घेऊन."

"वर?"

"हो, वर."

भोंग्याने हॉर्न वाजवायला उचललेला हात तसाच ठेवला. बायको गेल्यापासून म्हातारा वरच्या चौकीवर गेला नव्हता हे सगळ्या घाटाला माहीत होतं. मुलीने दहादा बोलावलं होतं, आणि तो दर वेळी म्हणायचा, चौकी सोडून कसा येऊ.

"या," भोंगा म्हणाला.

झेंडेवाल्याने बस पुढे काढून घेतली, खांब नीट खाली आहे ना ते हलवून पाहिलं आणि चढला. काठी त्याच्याकडे होती, तोपर्यंत खिंडीत दुसरं कोणी येणार नव्हतं. उभा राहायला खाली माणूस लागतच नव्हता.

वरची चौकी तशीच होती. पत्र्याचं छप्पर, भिंतीला खिळा, खिळ्याला पाण्याची बाटली, आणि लाकडी स्टूल. मुलगी स्टुलावरून उठली.

"बाबा? खाली कोण आहे?"

"काठी इथे आहे," तो म्हणाला. "खाली कोणाचं काय काम?"

तिने काठीकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि स्टूल त्याच्याकडे सरकवलं. तो लगेच बसला नाही. आधी त्याने स्टुलावरून हात फिरवला, धूळ पुसावी तसा. धूळ नव्हती. मग तो बसला. तिथून रांगेची पूर्ण जागा दिसत होती, पाहुणेघराच्या फाटकापर्यंत आणि त्याच्याही पुढे.

"त्या दिवशी रांग कुठवर होती?" त्याने विचारलं.

"मला कसं माहीत? तेव्हा मी कुठे इथे होते." मग ती म्हणाली, "फाटकाच्या खूप मागे होती म्हणतात."

जावई फाटकाकडेच निघाले होते. बसमधल्या बाईची ती मोठी बॅग त्यांच्या हातात होती आणि तिचं एक चाक लोंबत होतं. ती त्यांचीच पाहुणी निघाली होती. बॅग त्यांनी फाटकाशी टेकवली आणि ते इकडे आले.

"बाबा, तुम्ही इथे? आता सभेत बघाल तुम्ही, हे चाक घेऊनच जाणार आहे मी. बसवाल्यांना दाखवतो." मग त्यांचा आवाज खाली आला. "उद्याचं ठरलंय ना आपलं?"

"ठरलंय. बोलणार आहे."

"काय बोलाल?"

"ती शेवटच्या गाडीत का बसली, ते सांगेन."

"शेवटच्या?" जावई म्हणाले. "कुठल्या शेवटच्या?"

झेंडेवाल्याने सांगितलं. फार शब्द लागले नाहीत. रांग उतरत होती, ती बसून झेंडा हलवत होती, सगळी रांग गेल्यावर काठी घेऊन निळ्या गाडीत बसली. गाडी कुठे अडकली नव्हती. तीच थांबली होती.

जावई मुलीकडे बघत होते. मुलगी खिळ्यावरची बाटली उगाच सरळ करत होती.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवशी इथे उभी राहिले तेव्हाच कळलं," मुलगी म्हणाली. "काठी जवळ असताना उठून जाता येत नाही हो. पाणी प्यायलासुद्धा रांग संपल्यावर जाते मी."

जावयांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"पण बाबा," ते शेवटी म्हणाले, "रस्ता रुंद असता तर रांग नसती. काठीही नसती. आई सरळ खाली आल्या असत्या. हे तर खरंच आहे."

"खरं आहे. तेही सांगेन."

"मग?"

"मग आज बस कशी आली तेही सांगेन. मी खाली उभा होतो, तिच्या मागे बघत होतो. मागे कोणीच नव्हतं." त्याने काठी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर घेतली. "पुढचं लोकांनी ठरवावं. तुम्ही चाक दाखवा. तेही खरंच मोडलंय."

जावयांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. बसचा हॉर्न वाजला, एकदा, मग विनाकारण दुसऱ्यांदा. खाली जाणारी माणसं चढत होती. झेंडेवाला उठला. मुलीने त्याच्या कमरेकडे बघितलं.

"पॅन्ट आवळतेय तुम्हाला."

"एक आहे मशीनवर. अर्धी झालीय."

"पाठवून द्या इकडे. मी करते."

"पाठवतो," तो म्हणाला. "काठीबरोबर."

तो बसमध्ये चढला. भोंग्याने आरशातून बघत विचारलं, "बसा, काका. का उभे राहिलात?"

"पुढे बसू की मागे?"

"कुठेही बसा," भोंगा म्हणाला आणि त्याने गिअर टाकला. "पोचणार एकदमच."

झेंडेवाला मागच्या सीटपर्यंत चालत गेला. खिडकीपाशी बसला, काठी दोन गुडघ्यांमध्ये उभी केली आणि दोन्ही हातांनी धरली. बस निघाली.